घंटा मीच वाजवली

नाही हो, सगळे डोळे मिटून बसतात म्हणून सगळं एकच होत नाही — बसा ना, उभे का? आत मौन आहे, पण या टेबलापाशी बोललेलं चालतं, आणि आज मला गप्प बसवणारच नाही. तर ध्यानाच्या खोल्या चार. पहिलीत एकच गोष्ट धरायची — श्वास म्हणा, दिव्याची ज्योत म्हणा — मन पळालं की परत आणून बसवायचं. दुसरीत बरोबर उलटं, येईल तो विचार येऊ द्यायचा, जाईल तो जाऊ द्यायचा, आपण नुसतं बघायचं. तिसरीत जप, माळ कुठल्या का धर्माची असेना. चौथीत सगळ्यांचं भलं चिंतायचं, अगदी शेजाऱ्यांचंसुद्धा — हसलात! माझी वहिनीही हसली, म्हणाली, "वन्सं, तुम्ही तिथंच बसा, तुम्हाला गरज आहे."

सारखी दुसऱ्या दाराकडे बघतेय? मी? — बरं, बघतेय. आत घड्याळजी आहेत, कोपऱ्यावर घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे ना, ते. आठवड्याच्या मौनाला बसायच्या आधी ते इथं चष्मा ठेवायला आले, आणि मी विचारलं — माझ्याशी लग्न कराल का? या वयात! विचारलं आणि अशी घाबरले, अशी घाबरले, की मौनाची घंटाच वाजवून टाकली. त्यांनी उघडलेलं तोंड मिटलं आणि गेले आत. आठवडा झाला, जेवणखाणसुद्धा आतच!

आता सांगा, दुसऱ्या खोलीत माझा प्रश्न टिकणार कसा? आला, बघितला, दिला सोडून! ते चौथीत असते तर आणखी पंचाईत, माझंही भलं आणि दूधवाल्याचंही भलं, अगदी सारखंच. पहिलीच बरी होती हो — किती वाजले बघू —

थांबा, मौन सोडायची वेळ झाली. वाजवते. हं, उघडलं दुसरं दार... हे शाळामास्तर, या त्यांच्या सूनबाई... आणि? संपले? हे नाहीतच! मधेच उठून घरी गेले की काय? — अगं बाई, ते बघा, पहिल्या खोलीतून येताहेत! अहो, तुम्ही तिथं कसे? काय? मोठ्यानं बोला, घसा बसलाय तुमचा — पहिल्याच दिवशी खोली बदललीत? एक गोष्ट मनातून जाईचना म्हणून? कुठली गोष्ट?

...हो? हो म्हणताय?

दादा, तुम्ही उद्या या. या आता. आणि जाताना दार ओढून घ्या.