ओढ्याकाठचा तुकडा

आर्गिरो: दगड पुसून पुसून माझी कंबर मोडली, आणि तू सकाळपासून त्या एकाच तुकड्याला कुरवाळत बसलीयस. नंबर घाल, फळीवर ठेव, सुटलो.

थेआनो: कुठे सापडला ते लिहिल्याशिवाय संग्रहालयाच्या वहीत नंबर पडत नाही.

आर्गिरो: सांगितलं की. ओढ्याकाठी. स्त्रातिस शेळ्या घेऊन गेला होता.

थेआनो: तुझा नवरा जन्मभर शेळ्या चारतोय. आजवर एक खापरी आणून दिली नाही त्यानं.

आर्गिरो: आता दिलाय तर भरा खटला त्याच्यावर.

थेआनो: व्हिनेगरचा वास येतोय याला. संगमरवराला व्हिनेगर, आर्गिरो?

आर्गिरो: लाल माती बसली होती. धुतला. कॉफी टाकू?

थेआनो: नको. देस्पिना कशी आहे?

आर्गिरो: कशी असणार. सातवा महिना, पाय सुजलेत, आणि सासूकडे एका खोलीत दोघं. सासू रोज विचारते, घराचं कुठवर आलं म्हणून. उद्या सकाळी घराच्या पायाच्या खड्ड्यात काँक्रीट पडतंय. पाद्रीबाबा येतील, रीतीप्रमाणे पायावर कोंबडा कापतील, की सुटली माझी पोर. तू यायचंस हं. बाप्तिस्म्याच्या पाण्यातून तूच उचललंस तिला. धर्माची आई तू.

थेआनो: वाळूची परात दे इकडे. आणि गेल्या उन्हाळ्यातला तो मोठा तुकडा.

आर्गिरो: कुठला?

थेआनो: देस्पिनाच्या प्लॉटच्या कुंपणाला लागून आपण खणलं होतं, तिथला.

आर्गिरो: जड आहे तो. उद्या बघू.

थेआनो: मीच आणते.

(थेआनो दोन्ही तुकडे वाळूत उभे करून कडेला कड लावून बघते.)

आर्गिरो: बसला?

थेआनो: मधून केस जाणार नाही. कोरलेला ‘मुलगी’ हा शब्द या तुकड्यावर सुरू होतो, त्या तुकड्यावर संपतो. कुणाची, ते पुढच्या भागात असणार. तो भाग नाहीये.

आर्गिरो: ओढ्यानं नेला असेल.

थेआनो: ओढ्यातल्या दगडाच्या कडा झिजतात. ही बघ, बोट कापेल. आतून साखरेसारखी पांढरी. परवापरवा यंत्राचा दात लागलाय हिला.

आर्गिरो: मग लिही ना, ठिकाण माहीत नाही. गावातल्या पाराशिवाच्या प्लॉटवर जुने दगड निघाले म्हणून तुमच्या पुरातत्त्व खात्यानं बांधकाम थांबवून दोरी बांधली, तेव्हा त्याचा पोरगा रांगत होता. आता सैन्यात गेला. आणि अर्धवट घराच्या बैठकीच्या खोलीत अंजिराचं झाड उभंय.

थेआनो: माहितेय. ती दोरी मीच बांधली होती.

आर्गिरो: गावात अजून तुझ्या नावानं थुंकतो तो.

थेआनो: एक सांग. स्त्रातिसनं हा फेकून का नाही दिला? समोर समुद्र आहे.

आर्गिरो: गेला होता की होडीत घालून. तसाच परत आला. एवढा एकच शब्द अर्धामुर्धा वाचता आला त्याला. म्हणाला, कुणाची तरी मुलगी आहे ही, मला नाही जमत.

थेआनो: ओढ्यावर सापडलेला दगड, आणि होडीतून बुडवायला.

आर्गिरो: कॉफी टाकतेच मी.

थेआनो: बरं. मी लिहिते, ठिकाण अज्ञात. सही करते. उद्या कोंबड्याला येते.

आर्गिरो: तू खोटं लिहिणार?

थेआनो: ठिकाण अज्ञात म्हणजे खोटं नव्हे. मला कुणी काही सांगितलेलं नाही.

आर्गिरो: मग लिही की. पेन नुसतं धरून काय बसलीयस?

थेआनो: चालत नाहीये.

आर्गिरो: मघाशी तर चालत होतं.

थेआनो: तू जा घरी, आर्गिरो. मी बघते.

आर्गिरो: ठेव ते पेन खाली. उरलेला दगड देस्पिनाच्या स्वयंपाकघराच्या पायाच्या खड्ड्यात आहे.