अकराच्या आधीचा एक

माहा जन्म बाभुळगाव तालुक्यातला, बेंबळेच्या काठचा, आन् जन्मलो तवा असा भोंगा काढला म्हणते का शेजारच्या गोठ्यातले बारा बैल दावे तोडून थेट नदीपार पयाले, आन् सुईण म्हणे, बाई, हे पोरगं नाई, लाउडस्पीकर हाय. आता तुम्ही लिहून राह्यल्या ताई म्हणून सांगतो, बारा नसतीन, पण गोठा होता येवढं खरं. नाव माहं देवराव, पण नुसतं देवराव म्हणून इचारसान तं कोणी घर दाखवणार नाई, माइकवाला देवराव म्हणा, कुत्रे बी पोचवून देतीन.

धंदा काय म्हणसान, तं शंकरपटात बोलाचा. बैलजोडीची शर्यत अस्ते ना, धुरकरी म्हणजे जोडी हाकणारा, तो जोडी सोडते, घड्याळ सेकंद दाखवते, आन् मचाणावर बसून माइकवर जो बोलते तो मी. मधी काही वर्षं पट बंद होते तवा लग्नात बोललो, सभेत बोललो, बारशात बोललो, एका ठिकाणी तं तेरवीत बोललो, आन् लोकं म्हणे, देवराव, मेलेला माणूस इतका चांगला होता हे आमाले आजच समजलं. आता पटात काय अस्ते, घड्याळ तं सारेच पायते, पण लोकाईले घड्याळ नाई पाहिजे, वारं पाहिजे. जोडी आली का मी म्हणाचो, आली रे आली, खूर जमिनीले लागलेच नाई, मायबाप हो, धूळ मांगं राह्यली आन् जोडी यवतमाळात जाऊन चहा पिऊन राह्यली! असं बोललं का टाळ्या. माइकवर एकच पाप, चूप राहणं. चूप झाला का लोकं समजते, जोडी नालीत गेली.

घरात आमी तिघं. मी, बायको शेवंता, आन् लेक सुजाता. काय सांगू तुम्हाले, मले ऐकणारे पटात हजारानं भेटले, पण सुजातासारखं कोणी नाई. लहानपणी मांडीवर बसे, मी सांगो का तुह्या आज्यानं वाघाच्या मिशा कापल्या, का मी पुरात बैलाच्या शेपटीले धरून तीन गावं पोहलो, आन् जरा थांबलो का ती म्हणे, मंग? बस, येवढंच. मंग, बाबा? त्या एका मंग साठी मी रोज नवा वाघ पैदा केला.

पोट्टी मात्र माह्या उलटी निंघाली. कमी बोलणार, जास्त पायणार. आईसंगं कापूस वेचाले जाये, आन् तिथं वेचणाऱ्या बायाईले इचारे. बोटं कवापासून फाटते, पाठ कवा धरते, बाळंतपणानंतर कितव्या दिवशी वावरात आली, धुऱ्यावर, बांधाशी, पाणी कोणतं पेता. आन् घरी येऊन वहीत लिहे. दोन हंगाम लिहिलं तिनं. अकरा बाया, आमची पार्वता त्यातलीच एक. मी हासो, म्हणो, अवो, त्या बाया तं तुह्या आईले रोज हेच सांगते, यात लिहाले काय हाय? ती म्हणे, बाबा, रोज सांगते म्हणून तं कोणी लिहिलं नाई.

मंग बारावी झाली, आन् शाळेतल्या सरांनं सांगतलं का पुण्याले एक मोठी संस्था हाय, समाजाचा अभ्यास शिकवते, पाच वर्षं, राहणं-खाणं तिथंच, पण आंधी लेखी परीक्षा, मंग मुलाखत. पोरगी पहाटे चारले उठे. परीक्षा यवतमाळले कॉम्प्युटरवर झाली, आन् पास झाली ताई, आमच्या गावातून पयली! मी गावात असं सांगत फिरलो का देशात पयली आली, शेवंता म्हणे, अजी, जरा जिभेले लगाम लावा, ते बैल नाई, आपली पोरगी हाय.

मुलाखतीच्या आंधी एक फारम भराचा होता. त्यात एक रकाना, तुम्ही आपल्या गावात काय काम केलं ते लिहा. बाभुळगावात कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो आमी. सुजातानं लिहून आणलेलं, कापूस वेचणाऱ्या अकरा बायांशी बोलले, त्याची वही केली. दुकानातल्या माणसानं टाइप केलं, आन् ती मार्कशीटची झेरॉक्स काढाले बाजूच्या दुकानात गेली. मी स्क्रीनकडं पाहून राह्यलो. अकरा. मले वाटलं, पुण्याचे लोक, त्याईच्यासमोर अकरा म्हणजे काय? पटात अकरा लोकं असले तं मी माइक बी चालू करत नाई. मी त्या माणसाले म्हणलं, भाऊ, अकराच्या आंधी एक एक मार. त्यानं मारला. एकशे अकरा. म्हणे, काका, पाठवू? म्हणलं, पाठव.

ती आली, पायलं, आन् तिचा चेहरा असा उतरला जसा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बैलाचा रंग उतरते. म्हणे, बाबा, हे खोटं हाय. म्हणलं, खोटं नाई बेटा, फुगवलेलं हाय, फुगा काय खोटा अस्ते काय? म्हणे, मी मुलाखतीत सांगून देतो का चूक झाली. आन् तिथं मी बोललो ते बोललो. म्हणलं, खबरदार! एकदा माइकवर गेलेला आकडा वापस घ्याचा नस्ते, पंच समजते चोर हाय. जे लिहिलं त्याच्यावर ठाम राह्य.

मंग तयारी. आंगणात तीन खुर्च्या मांडल्या, एकीवर मी, सोयऱ्याचा कोट घालून, एकीवर शेवंता, मधल्या खुर्चीवर पाण्याचा पितळी गुंड ठेवला, तो मोठा साहेब. सुजाताच्या हाती वायर नसलेला माइक देला. म्हणलं, आवाज वर, मान वर, थांबाचं नाई, येत नसन तरी थांबाचं नाई. शेवंताले म्हणलं, इचार काई. तिनं पदर सावरला आन् इचारलं, जेवलीस का? सुजाता इतकी हासली, इतकी हासली. ते तिचं शेवटचं तसं हासणं, ताई. यात मी काई फुगवलं नाई.

धामणगावाहून गाडी धरली, पुण्याले गेलो. त्या इमारतीत अशी शांतता का मले माहाच श्वास ऐकू ये. तिच्या हातात ती वही, कवर फाटलेलं, वर कपाशीच्या पराटीचा डाग, एका पानावर कोण्या बाईचा अंगठा. म्हणलं, दे इकडं, येवढ्या मोठ्या लोकाईसमोर असं कळकट घेऊन जातं काय? आन् वही मी माह्या थैलीत टाकली. नाव पुकारलं, ती आत गेली. मी भायेर बाकावर, मांडीवर थैली.

सेकंद मोजणं माह्या रक्तात हाय. सहाव्या मिनिटाले ती भायेर आली. बाकीचे पोट्टे वीस-वीस मिनिटं आत होते.

पाणी पेली आन् बसली. हळूहळू सांगतलं. एक मॅडम होत्या, पिकलेले केस, मराठीतच बोलल्या. त्याईनं इचारलं, तुझ्या गावात घरं किती? सुजाता खरं बोलली, बासष्ट. मॅडम म्हणे, आणि वेचणाऱ्या एकशे अकराही याच गावच्या? मी इतकं शिकवलं होतं ना, थांबाचं नाई. पण तिले फुगवता येत नव्हतं, आन् खरं सांगाले मी मनाई केलती. ती चूप. मॅडम म्हणे, घाबरू नकोस, एकशे अकरा राहू दे, कोणत्याही एका बाईबद्दल सांग. एका बाईबद्दल, ताई! जिले अकराई बायाईच्या बोटाच्या भेगा पाठ होत्या, तिच्या गयातून नाव निंघालं नाई. म्हणे, बाबा, मले वाटलं, आता मी पार्वताकाकूचं नाव घेतलं तं ती बी खोटी होईन.

मी उठलो. वही घेऊन दाराशी उभा राह्यलो. शिपाई म्हणे, बाबा, बसा. मी हाललो नाई. साऱ्या मुलाखती झाल्यावर त्या मॅडम भायेर आल्या. मी, देवराव माइकवाला, दहा हजार लोकाईसमोर बोलणारा, नुसती वही पुढं केली. त्याईनं उभ्या-उभ्या एक पान वाचलं. मंग दुसरं. चष्मा काढला, पुसला. म्हणे, हे आत का नाही आणलं? आन् मंग म्हणे, गुण देऊन झाले हो. दोन्ही हातानं वही वापस देली मले, पोथी द्यावी तशी.

गाडीत ती खिडकीपाशी. धामणगाव जवळ आलं, तिनं भायेर पायतच म्हणलं, अकरा पुरल्या असत्या, बाबा. रागानं नाई. राग असता तं मी सहन केला असता.

यादी लागली, तिचं नाव नव्हतं. आता ती बाभुळगावात बी. ए. करून राह्यली, सुट्टीत आईसंगं कापूस वेचते. माह्यासंगं बोलते, जेवाले वाढते, काई कमी नाई. पण वही उघडत नाई. पार्वता धुऱ्यावरून आवाज देते, सुजाता, कवा येतं वो लिहाले, माहं अर्धंच राह्यलं! ती म्हणते, येतो, काकू. जात नाई.

पटात मी आता घड्याळ दाखवते तेवढंच सांगतो. पोट्टे खालून ओरडते, काकाजी, काय झालं, वारं सोडा ना! आयोजक म्हणते, असंच बोलाचं असन तं आमी दुसरा पाहू. पाहा म्हणलं.

कधी-मधी जेवताना मी सांगाले सुरू करतो. वाघ नाई, पूर नाई, खरं-खरं, आज पटात एक म्हातारा धुरकरी पडला आन् त्याच्या बैलानं थांबून मांगं पायलं, असं. आन् थांबतो. त्या एका शब्दासाठी थांबतो. तिचं ऐकणं चालू अस्ते, मले समजते, पण ती ताट उचलते आन् मोरीकडं जाते.

माहा आशीर्वाद काय कामाचा, तरी देतो. कोणी तरी तिले पुन्हा इचारो, एका बाईबद्दल सांग, आन् त्या टायमाले तिच्या मांगं मी नसो. तुम्ही येवढं करा ताई, हे लिहसान तवा सुरुवातीचे बारा बैल ठेवा का काढा, तुमची मर्जी. पण बाया अकराच लिहा.