चाचांचा आजार

खरं सांगतो, एवढी लाज मला कधीच वाटली न्हाई. माजलगावचे फळवाले रशीदचाचा दुकानाच्या जागेचा दावा हरले. मी त्यांचा वकील. अपिलाला तीस दिवसांची मुदत. चाचा विचारायला आले की मी म्हणायचो, “लई दिवस हायेत अजून.” अन् मुदत निघून गेली.

मग विलंब माफ करावा म्हणून अर्ज केला, त्यात चाचांना आजारी पाडलं. त्यांनी विश्वासानं न वाचताच सही केली.

कोर्टात जजसाहेबांनी त्यांनाच विचारलं, “काय झालं होतं?”

“मला? काईच न्हाई, साहेब. वकीलसाहेब विसरले. माणूस हाय, विसरतो.”

विलंब माफ झाला. ‘वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला नको,’ हा आदेश मीच चाचांना वाचून दाखवला.

चाचा हळूच म्हणाले, “बरं झालं, तुमचं नाव न्हाई टाकलं.”