न सरकणारा ठिपका

डोळ्यांत थेंब घातल्यामुळे शिक्षिकाबाई दवाखान्यात मिटल्या डोळ्यांनी बसल्या होत्या. शेजारी वेधशाळेतले दोघे बोलत होते.

"साहेब, डोळे तपासून काय होणार? ठिपका मलाही दिसतोय."

"अगं, दुर्बिणीच्या चारही फोटोंत एकाच जागी आहे तो. सरकतो तो लघुग्रह, नाही सरकत तो तारा. मशीननं चुकून ताराच लघुग्रह म्हणून धरलाय."

"पण मागच्या महिन्यात तिथे तारा नव्हता. आणि हा रोज जास्त चमकतोय."

"म्हणून तर म्हणतो, माझ्याच नजरेत दोष निघू दे."

"बाजूनं जाणारी गाडी सरकताना दिसते, साहेब. सरळ अंगावर येणारी जागच्या जागी मोठी होते."

"गप्प बस गं."

नर्स कागद घेऊन आली.

"साहेब, नशीबवान आहात. डोळे ठणठणीत आहेत तुमचे."

बाईंनी आपले डोळे आणखी घट्ट मिटले.