डावी मांडी

(नागपूर, १९७१. मेडिकल कॉलेजच्या डिसेक्शन हॉलमधलं सात नंबरचं टेबल. पहिल्या वर्षाचे दोघे विद्यार्थी, कुहीचा चंद्रभान आणि महालातला विश्वनाथ.)

चंद्रभान : उंदरानं कुरतडलं असतं तर नर्व्हचं टोक फाटकं असतं गा. हे सुरीनं कापलं हाये.

विश्वनाथ : मला काय माहीत? तू तीन दिवस धानकापणीला गेलास. इथे कोणीही येतं.

चंद्रभान : बाहेरून आत असं पाह्य. नर्व्ह, आर्टरी, व्हेन. आर्टरीले धक्का नाही, व्हेनले नाही. फक्त नर्व्हची ही लांब फांदी, पावलापर्यंत जाणारी. मोकळी कराले मले दोन हप्ते लागले. जो तिले ओळखते तोच नेमकी तिले कापते.

विश्वनाथ : ही एक उजवी मांडी म्युझियमच्या बरणीत गेली नाही तर काय बिघडलं?

चंद्रभान : सर आज निवडणार होते.

विश्वनाथ : हो, आणि बरणीवर तुझ्या नावाची चिठ्ठी. म्युझियममध्ये कायमची. पुस्तक वाचून दाखवणाऱ्याचं नाव लिहितात का कुठे?

चंद्रभान : ‘सुरी तुझी, पुस्तक माझं’ असं तूच म्हटलं होतं.

विश्वनाथ : कारण माझा हात थरथरतो. तिसऱ्याच दिवशी व्हेन फोडली, सगळे हसले. तुझं इंग्रजी अडायचं तेव्हा बरं वाटायचं मला. म्हटलं, याचं आपल्यावाचून चालणार नाही. आणि सर माझ्यासमोर म्हणतात, याचा हात बघा. जळलो मी, चंद्रभान. कापली मीच.

चंद्रभान : कवा?

विश्वनाथ : परवा, जेवायच्या सुट्टीत. तेवढ्यापुरता हात अजिबात हलला नाही. जा, सांग सरांना.

चंद्रभान : सांगितलं तर तुले दुसऱ्या टेबलावर टाकतील. मंग मले कोण वाचून दाखवन? तू वाचून राहिला की मी नुसते ओठ हलवतो. घरी बैलापुढं तेच बोलून पाहिलं. तुझ्यासारखं येत नाही. माहं आंग नाही जळत का?

विश्वनाथ : मला कधी म्हणाला नाहीस.

चंद्रभान : तू तरी मले कवा म्हटलं?

विश्वनाथ : आता काय करायचं?

चंद्रभान : डावी मांडी फडक्याखाली तशीच हाये. सुरी धर.

विश्वनाथ : हात थरथरेल रे.

चंद्रभान : थरथरू दे. पुस्तक इकडं आण. मी वाचतो, अन् अडलो तर हसू नको.