नाल्यावर मेंढ्या नव्हत्या

मॅडम, दोन्ही ताई आणि पलटणीतल्या माझ्या भावांनो, देवळ्याहून येताना काय बोलायचं ते गाडीत ठरवलं होतं. इथं साहेबांचा फोटो बघितला अन् सगळं गेलं. सांभाळून घ्या.

मी कर्नल साहेबांचा सुभेदार. सीमेवर गस्त घेऊन जायचो. चौकीवर खबर यायची ती ड्रोनच्या चित्रातून, शत्रूच्या वायरलेसवरच्या बोलण्यातून, नाहीतर आमच्या डोळ्यांतून. बाकीचे अधिकारी आधी स्क्रीनला चिकटायचे. वायरलेसवर काही सापडलं की ताठ बसायचे. आमचं ऐकायचे शेवटी, चहा पिता पिता. साहेब मात्र आधी गस्तीला बोलवायचे. आणि विचारायचे काय, तर रोजचं काय दिसलं नाही?

एकदा मी येऊन म्हटलं, सगळं ठीक आहे. ड्रोनमध्येही उतार मोकळा होता. तुकडी निघायच्या तयारीत. साहेब म्हणाले, "सुभेदार, रोजचं सगळं होतं?"

तेव्हा आठवलं. नाल्यावर मेंढ्या नव्हत्या. मेंढपाळ आलाच नव्हता. साहेबांनी तुकडी थांबवली. दुपारी त्याच नाल्यावर तोफगोळे पडले. त्या तुकडीतले कितीजण आज इथं बसलेत, बघा जरा एकमेकांकडे.

निवृत्त होऊन साहेब गंगापूर रोडला राहिले, पण पलटणीची शिस्त सोडली नाही. रोज सकाळी ग्रुपवर प्रत्येकानं 'खैरियत' लिहायचं. उशीर झाला की झापणार. मला तर कांद्याच्या लिलावात उभा असताना फोनवर झापलं होतं. लय बोलले.

साहेब, आज मी बोलतो. छातीत कळा येत होत्या तुमच्या. मॅडमना गप्प बसवलंत आणि आम्हाला रोज लिहिलंत, 'खैरियत'. अगदी गेल्या आठवड्यात, गेलात त्या सकाळीसुद्धा. खोटा रिपोर्ट दिलात, साहेब. आमच्यातल्या कुणी दिला असता तर सोडलं असतंत का?

आणि आपण? कितीतरी दिवस साहेबांनी ग्रुपवर कुणालाच झापलं नव्हतं. आपण म्हटलं, वय झालं, साहेब मऊ झाले. बरंच वाटलं आपल्याला. अरे, नाल्यावर मेंढ्या नव्हत्या, अन् आपल्यातल्या एकालाही ते दिसलं नाही. याचं वाईट वाटतं. फार वाईट वाटतं.

मॅडम, उद्यापासून सकाळी आम्ही तुम्हाला फोन करणार. लिहिलेलं चालणार नाही. आवाज ऐकणार.

चला, दोन मिनिटं शांत उभे राहू या. ताठ उभे राहा. आज कुणी झापणार नाही, तरी ताठ.

साहेब, जय हिंद.