खोऱ्यातल्या फोनच्या तारा

चार्ल्सटनच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर आमच्या डोंगराकडच्या दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या.

"लोरीन, तुझी लेक मार्वा कोर्टातली चांगली चाललेली वकिली सोडून सरकारच्या टेलिफोन आयोगात निवाडे करायला गेली, तेव्हा लोक हसले होते."

"तूही हसली होतीस, हेटी."

"हसले खरी. पण परवा काय झालं ते नीट सांग."

"कंपनीला आपल्या खोऱ्यातल्या फोनच्या तारा काढायच्या होत्या. म्हणे, मोबाइल आहेत की. मार्वानं सुनावणीच आपल्या चर्चमध्ये लावली. कंपनीच्या वकिलाला म्हणाली, 'साहेब, इथून तुमच्या ऑफिसला फोन लावून दाखवा.'"

"लागला?"

"रेंज शोधत तो टेकडी चढून गेला. घामाघूम होऊन, फोन न लागताच परतला. तारा राहिल्या."

"बरं झालं बाई. त्याच तारांवरच्या फोनवरून अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली, म्हणून आमचे हे वाचले. तू साक्ष दिलीस?"

"छे. म्हणाली, 'तू माझी आई, तुझी साक्ष चालायची नाही. मागे गप्प बस.'"

"आणि तू दुपारभर गप्प बसलीस? तू?"

"लेकीसाठी बसले. आता मात्र मला कुणी गप्प बसवून दाखवावं."